समाधानी माकड

सरांच्या टेबलावर काचेच्या बरणीत त्यांचं स्वतःचं अपेंडिक्स होतं. फॉर्मलिनमध्ये बुडवलेलं, करंगळीएवढं, पांढुरकं. बाकीच्या विभागप्रमुखांच्या टेबलावर गणपती असतो, मुलांचा फोटो असतो, अगदीच काही नाही तर पेपरवेट असतो. आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रमुखांकडे हे होतं. ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी ते सर्जनकडून मागून घेतलं होतं म्हणे. सर्जननं विचारलं, "कशाला हवंय?" तर सर म्हणाले, "माझंच आहे ना? मग हा प्रश्न मी तुम्हाला विचारायला हवा." सर्जननं मुकाट्यानं देऊन टाकलं.

लोणी काळभोरच्या त्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर लागले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्चीसुद्धा न देता ती बरणी पुढे सरकवली. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितके तास तुम्ही शिक्षक. तास संपला की तुम्ही कॉलेजचे कोणी नाही.

"हे काय आहे?"

"अपेंडिक्स आहे, सर. माणसाचं."

"माणसाचं नव्हे, माझं. एके काळी याचा उपयोग होता. आता काम काही नाही, पण आत बसलेलं असतं आणि एखाद्या दिवशी विनाकारण सुजतं. माणसाच्या अपेक्षेचं तसंच आहे. फरक एवढाच, ती बरणीत काढून ठेवता येत नाही."

अपेंडिक्सचा थोडाफार उपयोग असतो असं आता म्हणतात. पण सरांपुढे ते बोलायची माझी काय प्राज्ञा! मी गोंधळून फक्त "काहून सर?" एवढं म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

"काहून! वा. नागपूर का?"

"नाही सर, वर्ध्याच्या पुढे."

"तेच ते. पुण्याहून दोन्ही सारखीच लांब."

त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'नागपूरकर' होते. हजेरीपटावर माझं धडधडीत नाव असताना ते वर्गात सांगायचे, "उद्याचं प्रॅक्टिकल नागपूरकर मॅडम घेतील." मुलांना बरेच दिवस ते माझं आडनावच वाटत होतं.

सरांचा उत्क्रांतीवरचा तास ऐकायला दुसऱ्या विभागांतली मुलंही येऊन मागे बसायची. फळ्यावर ते दोन माकडं काढायचे. चित्रकला इतकी भिकार की एक माकड कायम बटाट्यासारखं दिसायचं. गवत हलतं. पहिलं माकड म्हणतं, वारा असेल. दुसरं माकड झाडावर चढून बसतं. खरोखर वाराच असतो. पुन्हा गवत हलतं, पुन्हा तेच. शेवटी एके दिवशी बिबट्या असतो.

"आता सांगा, पोरं कुणाला झाली?" सर विचारायचे. "समाधानी माकडाला पोरं झाली नाहीत. आपण सगळे त्या दुसऱ्याची औलाद. घाबरट, हावरट, एक फळ हातात असताना दुसऱ्याकडे बघणारं. निसर्गाला तुम्ही जिवंत हवे होतात. सुखी असावेत अशी त्याची काही अट नव्हती."

एकदा एका मुलानं हात वर केला. "सर, मग हॅपी राहायचं असेल तर काही हॅक आहे का? म्हणजे ब्रेनच री-प्रोग्रॅम केला वगैरे?"

"आहे की. दहा लाख वर्षं थांबा, अपडेट येईल."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी बटाट्यासारखं माकड पुसलं आणि म्हणाले, "तोवर एकच इलाज. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, ते ओळखायचं. जे हातात नाही त्याच्याकडे बघायचंच नाही."

हे ते नुसतं बोलत नव्हते, तसं वागत होते, आणि तिथेच सगळा घोटाळा होता. संध्याकाळी लोणीच्या स्टॉपवर आम्ही दोघं पुण्याकडच्या बसची वाट बघायचो. म्हणजे मी बघायचे. मला वाटेतल्या मांजरी गावात उतरायचं असायचं, त्यांना पार नारायण पेठेत जायचं असायचं. सर रस्त्याकडे पाठ करून, छत्रीवर दोन्ही हात टेकून, मागच्या रसवंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "बघितल्यानं बस लवकर येते असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, नागपूरकर?" मी मान वाकडी करकरून थकायचे, आणि बस दिसली की ओरडायचे, "सर, आली!" मग हे महाशय शांतपणे वळायचे आणि माझ्याआधी चढायचे.

मला त्या शांतपणाचं भारी कौतुक वाटायचं. आमच्या प्रयोगशाळेत एक मामा होते, लोणीतलेच, वीस वर्षं परिचर. ते एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमी आजारी हुता तवा सरांच्या तीन बशी गेल्या की वो. पाठ करून हुबं. अन् मला म्हणत्यात कसं, हल्ली बशीच कमी हाईत."

हा हसण्यावारी न्यायचा विषय नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

नारायण पेठेतलं त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, नव्या इमारतीत. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. काकूंचा स्वभाव असा की त्यांनी चहा पुढे केला तरी आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली पाच-सहा बंद पाकिटं लटकलेली दिसली. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख.

"ही काय आहेत, काकू?"

"ती ह्यांची साधना," काकू म्हणाल्या. "आलेलं पाकीट आठ दिवस उघडायचं नाही. विमा असो, रक्ताचा रिपोर्ट असो, लग्नाची पत्रिका असो. आतापर्यंत चार लग्नं आम्ही लागून गेल्यावर वाचलीत."

सर आतून म्हणाले, "आठ दिवसांत पाकीट बदलत नाही, माणूस बदलतो. पहिल्या दिवशी आपल्याला त्यात हवं ते असावं असं वाटतं. आठव्या दिवशी त्यात काहीही असलं तरी चालतं. मग उघडायचं."

"आणि रिपोर्ट वाईट आला तर?" मी विचारलं.

"तो मी वाफेवर धरून त्याच दिवशी उघडते आणि परत चिकटवते," काकूंनी आवाज न वाढवता, पण सरांना नीट ऐकू जाईल असं सांगितलं. "आजवर सगळे ठीक आलेत म्हणून गप्प आहे. ह्यांनी अपेक्षा सोडल्या, सोडल्या म्हणजे कुठे ठेवल्या? माझ्या डोक्यावर. गॅस येईल का, टँकर येईल का, मुलगी बंगलोरला पोचली का, सगळी काळजी मीच करायची. हे आपले मोकळे."

मुलीचा बारावीचा निकालही सरांनी आठ दिवस पाहिला नव्हता. मुलीनं तो शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर पाहिला, सगळ्या इमारतीला कळला, लोक अभिनंदनाला आले, तर सर दारात उभे राहून म्हणाले, "कशाबद्दल? अजून पाच दिवस आहेत."

आता वाचणाऱ्याला वाटेल, माणूस कोरडा होता. मुळीच नाही. एका वर्षी विद्यार्थी कमी आले आणि माझे तास निम्म्यावर आले. पुण्यात राहणं जमेना. मी सामान बांधायचा विचार करत होते, तर सरांनी आपली सगळी प्रॅक्टिकल्स माझ्या नावावर टाकली. वर प्राचार्यांना सांगितलं, "मला आता बेडकांची ॲलर्जी झाली आहे." मला डेंग्यू झाला तेव्हा ते मांजरीच्या दवाखान्यात पाच दिवस येऊन बसले. बरं वाटतंय का, असं एकदाही विचारलं नाही, कारण तो प्रश्न अपेक्षा वाढवतो म्हणे. त्याऐवजी मला त्यांनी बेडकाचं रक्ताभिसरण मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई मला विचारायच्या, "काय गं, तुझे वडील कीर्तनकार हायेत का?"

माझी अडचण वेगळी होती. मी समाधानी माकडाच्या जातीची नव्हतेच. सात वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि सात वर्षं कायम होण्याची वाट बघत होते. माझे बाबा गावाकडे पोस्टमन होते. चाळीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं आणि मला शिकवलं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "झालं काय माय काई?" मी म्हणायचे, "नाही बाबा, अजून नाही." ते म्हणायचे, "होईन. जेव तू." हे संभाषण सात वर्षांत तीन वाक्यांपलीकडे गेलं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तिचा मुलगा शाळेत जायला लागला. माझ्याबद्दल लोकांनी विचारलं की आई सांगायची, पुण्याले प्रोफेसर हाये, आणि विषय बदलायची.

सरांनी मला सुधारायचं मनावर घेतलं होतं. माझ्या तोंडात एक वाक्य बसलेलं, "होईल ना, सर?" पगार होईल ना, जाहिरात येईल ना, या वर्षी तरी होईल ना. सरांनी नियम केला. जितक्या वेळा 'होईल ना' म्हणेन तितके सूक्ष्मदर्शक स्वच्छ करायचे. त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतली एकूण एक भिंगं लखलखत होती. तपासणीला आलेल्या समितीनं खास कौतुक केलं.

आणि मग खरंच काहीतरी व्हायची वेळ आली. सर मेअखेर निवृत्त होणार होते. त्यांची जागा रिकामी होणार. कॉलेजनं ती भरायची परवानगी मागणारा प्रस्ताव उच्च शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसला पाठवला. प्राचार्य मला जिन्यात थांबवून म्हणाले, "मॅडम, परवानगी आली तर जाहिरात याच वर्षी. तुमचा अनुभव सगळ्यांत जास्त आहे." मी त्या दिवशी न सांगता सहा सूक्ष्मदर्शक पुसले. सरांनी ते पाहिलं. चहा सांगताना मामांना म्हणाले, "नागपूरकरांच्या चहात साखर जास्त घाला."

फेब्रुवारीत ते पाकीट आलं. प्राचार्यांच्या कार्यालयातून सरांच्या नावे, सही करून घेतलेलं. सरांनी त्यावर पेन्सिलीनं तारीख टाकली आणि ते अपेंडिक्सच्या बरणीखाली ठेवून दिलं.

सरकारी पत्रांना आठ दिवसांचा नियम लावणं आजवर त्यांना कधी नडलं नव्हतं. "सरकारी पत्राला आठवड्यात उत्तर दिलं तर सरकार दचकतं," असं ते म्हणायचे. खरं कारण मामा होते. मामा पाकीट उन्हाकडे धरायचे, कार्यालयात जाऊन चौकशी करायचे, आणि काही तातडीचं असेल तर सरांपुढे उभे राहायचे. "सर, ह्ये आजच उघडाया पायजे. मोठ्या सायबांनी सांगितलंय." मग सर नाइलाजानं उघडायचे. पण त्या आठवड्यात मामांच्या पुतणीचं लग्न होतं. मामा रजेवर होते.

नवव्या दिवशी सरांनी पाकीट उघडलं. आत चार ओळींचं पत्र होतं. विभागात दर आठवड्याला किती तास शिकवलं जातं त्याचा तक्ता विभागप्रमुखांच्या सहीनं सात दिवसांत सादर करावा, अन्यथा या जागेचा प्रस्ताव चालू वर्षासाठी रद्द समजला जाईल.

तो तक्ता तयार करायला सरांना अर्धा तास लागला असता. तो मीच करून दिला असता.

मला हे कळलं ते सरांकडूनच. रविवारची दुपार होती, मांजरीच्या माझ्या खोलीवर ऊन मी म्हणत होतं. दार वाजलं. बाहेर सर उभे. ते माझ्याकडे कधी आले नव्हते. बसस्टॉपपासून चालत आलेले, घामानं भिजलेले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. खिशातून पत्र काढून माझ्या हातात दिलं.

"वाच. मी नऊ दिवसांनी वाचलं. गुरुवारी आणि शुक्रवारी वरच्या ऑफिसात जाऊन आलो. प्रस्ताव रद्द झाला. कॉलेजची चूक नाही, त्यांची नाही. माझी आहे."

सात वर्षांत ते पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले, आणि तेही अशा प्रसंगी.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. लाज वाटते. पण एवढं आठवतं की मी म्हणाले, "तुमच्या आयुष्यात काही मागायचं शिल्लकच नाही, सर. पगार आहे, घर आहे, काकू आहेत. अपेक्षा सोडणं तुम्हाला परवडतं. आम्हाला नाही परवडत. तुम्ही रस्त्याकडे पाठ करून उभे राहता, कारण बस बघायला मी आहे. घरी काकू आहेत. इथे मामा आहेत. तुम्ही कसले समाधानी? तुमची सगळी काळजी आम्ही वाहतो, आणि तुम्ही आम्हालाच शहाणपण शिकवता!"

सर ऐकत राहिले. एरवी कुणी एक शब्द वावगा बोललं तर तीन शब्दांत त्याला गप्प करणारा माणूस. त्यांनी एकदाही मला अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "हातात काय नाही, यावर मी तीस वर्षं भाषणं दिली. हातात काय होतं, ते बघायचं राहून गेलं."

मग म्हणाले, "तुझ्या वडिलांचा आज फोन येईल. तू सांगू नकोस. मी सांगतो."

मी नको म्हणत होते, पण तेवढ्यात फोन वाजलाच. सरांनी तो माझ्या हातातून घेतला, उभे राहिले, आणि आपल्या पेठी मराठीत सुरुवात केली. "नमस्कार. मी आपल्या मुलीच्या विभागाचा प्रमुख. आपली क्षमा मागायची होती. माझ्या निष्काळजीपणामुळे तिची नोकरीची संधी गेली. एक पत्र माझ्याकडे नऊ दिवस पडून राहिलं. मी ते उघडलं नाही."

फोनचा आवाज मोठा असल्यानं मला बाबांचं बोलणं ऐकू येत होतं. आता बाबा काय बोलतात या भीतीनं मी भिंतीला टेकले.

"सर, मी पोस्टात व्हतो जी," बाबा म्हणाले. "चाळीस वर्सं चिठ्ठ्या वाटल्या. माह्या हातूनबी एखादी राहूनच गेली असंन. ते कोनाची व्हती, काय व्हतं तिच्यात, मले काय मालूम? तुमाले तरी मालूम पडलं. तुमी सांगाले आले. जेवले काय तुमी?"

सर म्हणाले, "नाही."

"मंग जेवा जी. पोरीले म्हना भाकर टाक."

सरांनी फोन मला दिला आणि खिडकीकडे जाऊन उभे राहिले. मी भाकरी टाकल्या नाहीत. मला बाबांइतकं मोठं होता आलं नाही. सर थोड्या वेळानं निघून गेले, आणि मी त्यांना दारापर्यंतही सोडायला गेले नाही.

पुढचे चार महिने मी त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाही. मेमध्ये त्यांचा निरोप समारंभ झाला. मामा भाषणाला उभे राहिले आणि रडले म्हणे. मी त्या दिवशी दात दुखतोय असं सांगून घरी बसले. दात ठणठणीत होते. या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

जुलैत मला अनुभवाच्या दाखल्यासाठी वरच्या ऑफिसात जावं लागलं. जिने, फायलींची कपाटं, पंखे. आवक-जावक टेबलापाशी मी माझा कागद दिला, तर तिथल्या बाई कॉलेजचं नाव वाचून म्हणाल्या, "तुमच्याच कॉलेजचे ते सर ना? दर मंगळवारी येतात. आम्ही सांगितलं, तुम्ही निवृत्त झालात, तुमचा संबंध नाही. तरी येतात."

मी वळून पाहिलं. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर सर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात फायली. पाच-सहा वर्षांचे तक्ते, विद्यार्थीसंख्या, माझ्या निकालांची टक्केवारी, सगळं त्यांनी हातानं लिहून काढलेलं. नजर साहेबांच्या दारावर. दार उघडलं की ते अर्धे उठायचे, शिपाई बाहेर आला की परत बसायचे. एकदा साहेब स्वतः बाहेर आले तेव्हा सर पिशवी सांभाळत त्यांच्यामागे चार पावलं गेले आणि म्हणाले, "साहेब, या महिन्यात तरी होईल ना?"

त्या माणसानं आयुष्यात कुणाकडे रिक्षासाठी सुटे पैसेसुद्धा मागितले नव्हते. राग कुठे गेला ते मला कळलंच नाही, तो शोधायलाही मी थांबले नाही. जाऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

"काय म्हणाले साहेब?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दचकले नाहीत. "पुढच्या मंगळवारी या म्हणाले."

"मग?"

"मग काय. मंगळवारी यायचं."

"तुम्हाला काय वाटतं, सर? होईल?"

सर बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत राहिले. "वाटतं," ते म्हणाले. "फार वाटतं. जेवताना वाटतं, चालताना वाटतं. फोन वाजला की वाटतं. त्रास होतो गं. तुम्ही लोक हे इतकी वर्षं कसं सहन करता?"

"सवय होते, सर."

"मला होत नाहीये," सर म्हणाले. इतक्या दिवसांनी ते चिडलेले बघून मला बरं वाटलं.

त्यानंतर दर मंगळवारी आम्ही दोघं जात होतो. काकू डबा द्यायच्या, तिघांचा, कारण आवक-जावकच्या बाईंशीही आता ओळख झाली होती. सरांचं वजन कमी झालं. पाकिटं ते दारातच उभ्या उभ्या फाडायला लागले. काकू म्हणाल्या, "चांगलं होतं तेच. निदान घरात शांतता होती." पण हे म्हणताना त्या त्यांच्या ताटात भात वाढत होत्या, आणि तो नेहमीपेक्षा जास्त होता.

पुढच्या वर्षी परवानगी आली. जाहिरात निघाली, मुलाखत झाली. माझ्यासारखेच सात-आठ वर्षं वाट बघणारे अकरा जण बाहेर बसले होते, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी फोनजवळ बसलेलं असणार. हे आठवलं की अजूनही माझ्या आनंदाला थोडी कडू चव येते. तीन आठवड्यांनी माझ्या नेमणुकीचा आदेश आला. मी पहिला फोन बाबांना केला. बाबांनी फोन आईकडे दिला आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले, असं आईनं सांगितलं.

मग मी तडक नारायण पेठेत गेले. वाटेत पाव किलो पेढे घेतले. दार काकूंनी उघडलं. सर खुर्चीत पेपर वाचत होते. मी आदेश त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. माझं नाव असलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथेच थांबले.

मला वाटलं, आता काहीतरी खोचक येणार. माकड येणार, दहा लाख वर्षं येणार. पण सरांचा चेहराच विस्कटला. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा बसले. मग उभे राहून त्यांनी उगाच पंखा बंद केला आणि परत लावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"अगं, आता याचं मी काय करू?" ते मला विचारायला लागले. खरंच विचारत होते. त्यांना उत्तर हवं होतं. "एवढं सगळं एकदम झालंय आत. मला सवय नाही याची. काय करतात अशा वेळी?"

काकूंनी माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा घेतला, दोरा सोडला, आणि त्यातला एक पेढा नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "लोक हेच करतात."